जाळ्याचा वाटा

आचरा,
मंगळवार, ५ मे

प्रिय विनीत,

पेटी उघडल्यावर आधी पत्र हाताला लागेल असं मी ते गवताच्या वरच्या थरावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं आहे. आंबे घेऊन जाणाऱ्या दीपेशचा टेम्पो आज संध्याकाळी देवगडहून सुटेल आणि उद्या सकाळी पुण्यात पोचेल. तो तुझ्या दारापर्यंत येईल. पत्ता मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला आहे. टपालाने हे वेळेत पोचलं नसतं, आणि कंपनीच्या मेलवर पाठवलं असतं तर तुझ्याआधी इतरांनी वाचलं असतं. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी मुद्दे सांगते, तू गप्प होतोस, मग मी तेच मुद्दे पुन्हा सांगते. आंबे लगेच कापू नकोस. देठाजवळ वास सुटला की तयार झाले असं समज.

तुझा निरोप एप्रिलच्या सुरुवातीला मिळाला. कंपनीत एक जागा रिकामी होते आहे, जूनपासून ये, मी बोलून ठेवलं आहे, असं तू लिहिलं होतंस. जागेविषयीच लिहिलं होतंस, बाकी कशाविषयी नाही. मी उत्तर दिलं नाही, त्याचा तू काय अर्थ लावला असशील याचा मला अंदाज आहे. तो अर्थ बरोबर नाही, एवढं आत्ता सांगून ठेवते. बाकीचं क्रमाने सांगते, कारण क्रम सोडून मला सांगता येत नाही.

बाबा गेले तेव्हा मी सहा महिन्यांसाठी आले होते. सहा महिन्यांनी पुण्याची खोली सोडायला आले, तेव्हा किल्ली तुझ्याकडे दिली आणि तू ती खिशात टाकलीस. आता मी देवगडच्या एका पॅकहाउसमध्ये काम करते. आंब्याची प्रतवारी करणारं यंत्र माझ्याकडे आहे. आंबा पट्ट्यावरून येतो, त्याचं वजन होतं, वरचा कॅमेरा रंग आणि डाग बघतो, आणि आंबा आपल्या कप्प्यात जाऊन पडतो. काही आंब्यांचं यंत्राला ठरवता येत नाही. ते बाजूच्या क्रेटमध्ये पडतात. तिथे शेवंती नावाची बाई बसते, ती आंबा हातात घेऊन बघते आणि कुठे टाकायचा ते ठरवते. वेळ जातो म्हणून मालक ते क्रेट काढून टाकायला निघाले होते, मी राहू दिलं. परवा शेवंती सगळ्यांसमोर म्हणाली, "गो सृष्टी, तू पुण्यात पण नाय, घरात पण नाय. तू माझ्या क्रेटातलाच मगे!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. मग पट्टा सुरू झाला आणि त्या आवाजात पुढे काही बोलावं लागलं नाही. तुझ्या पेटीतले आंबे त्या क्रेटमधलेच आहेत. चवीला चांगले आहेत, फक्त यंत्राला कळलेले नाहीत.

गावात रोज कोणीतरी विचारतं, "पुण्याक कधी जातलंस?" आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस मला वाटेत बघून म्हणतो, "अजून हयच?" मी दोन्ही वेळा स्कूटरचा वेग कमी न करता हसते. आमच्या घरापासून एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये आमची वाडी. तुला ही जागा मोकळी वाटली होती. तू दोन दिवस राहिला होतास.

आता आईच्या शाळेचं. ती वाडीतल्याच प्राथमिक शाळेत आहे, हे तुला माहीत आहे. दोन शिक्षक, चार वर्ग. चौथीत यंदा सात मुलं. आपल्या कंपनीची शाळांसाठीची चाचणी मार्चमध्ये आमच्या जिल्ह्यातही झाली. (मी अजून "आपल्या" लिहिते, राहू दे.) उत्तरपत्रिका स्कॅन होऊन गेल्या आणि एप्रिलमध्ये आईच्या चौथीवर लाल खूण आली. सामूहिक नक्कल झाल्याचा संशय.

लाल खूण कोणत्या नियमाने येते ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. एका वर्गातल्या सगळ्या मुलांनी दोन किंवा जास्त प्रश्नांना एकच चुकीचं उत्तर दिलं, तर तो वर्ग लाल. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येऊ शकतं, चुकीचं उत्तर सगळ्यांचं सारखं येणं अवघड. हे तू फळ्यावर लिहिलं होतंस आणि मी आकडे घालून तपासलं होतं. नियम चांगला आहे, मी आजही तसंच म्हणेन. जिथे सरांनी उत्तरं फळ्यावर लिहून दिली होती अशा शाळा त्याने पकडल्या आहेत. तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं की लहान वर्गांसाठी एक वेगळा कप्पा ठेवू, म्हणजे कोणीतरी माणूस ते बघेल. तू म्हणालास, असे वर्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील, त्यांच्यासाठी कुठे माणूस बसवायचा. हिशेब म्हणून ते बरोबर होतं. त्या बोटांतलं एक बोट आता आमच्या वाडीत निघालं आहे.

आमच्या भागातल्या शाळा ज्यांच्याकडे आहेत ते केंद्रप्रमुख गुरुदास सर चौकशीला आले, त्या दिवशी माझी सुट्टी होती. शाळेचा संगणक बंद पडला होता, तो उघडून मी मागच्या बाकावर बसले होते, त्यामुळे पुढचं मी स्वतः ऐकलं आहे. सर आतल्या बाजूचे, भातशेती आणि काजूच्या गावातले. माणूस वाईट नाही. त्यांनी पहिला प्रश्न वाचून दाखवला. चार मित्रांनी मिळून जाळे ओढले. त्यांना वीस मासे मिळाले. सर्वांना सारखे वाटल्यास प्रत्येकाला किती मासे मिळतील? पेपरातलं उत्तर पाच. आमच्या सातही मुलांनी चार लिहिलं होतं.

सरांनी रियाला उभं केलं. रापण लावणाऱ्या घरातली मुलगी, अंगाने बारीक, बोलायला कोणाला न घाबरणारी. सरांनी पुस्तकी मराठीत विचारलं, "चार हे उत्तर तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "कोणी नाय." "मग सगळ्यांचं चारच कसं आलं?" तिने उलट विचारलं, "तुमचा किती इला, सर?" सर म्हणाले, "पाच. वीस भागिले चार." रियाने त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "आणि जाळ्याक काय देतलात? शेपटे?"

सगळा वर्ग हसला. आईने पुस्तक तोंडासमोर धरलं. सरांनाही हसू आलं, पण ते आवरून म्हणाले की बाळ, गणितात जाळ्याला वाटा नसतो. रिया म्हणाली, "मगे फाटला काय शिवतला कोण?"

तू रापण पाहिली नाहीस, म्हणून सांगते. मोठं जाळं होडीने समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. बाया, पोरं, जो दोराला हात लावेल तो. जाळं वर आलं की वाळूवर मासळीचे वाटे पडतात, आणि त्यात एक वाटा जाळ्याचा असतो. जाळं ज्याचं, त्याला तो मिळतो, कारण जाळं विणायचं, शिवायचं, वाळवायचं त्यानेच. चार माणसं आणि एक जाळं म्हणजे पाच वाटे. वीस भागिले पाच, चार. आमच्या मुलांचा भागाकार चुकला नव्हता. "सर्वांना" या शब्दात त्यांनी जाळंही धरलं होतं, आणि हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. दात येण्याच्या वयापासून ती हे वाळूवर बघत आली आहेत.

दुसरा प्रश्न चित्राचा होता. समुद्र, वर उडणारे पक्षी, पाण्याला टेकलेला अर्धा सूर्य. ही कोणती वेळ आहे? पेपरातलं उत्तर सकाळ. आमच्या सातही मुलांचं उत्तर संध्याकाळ.

इथे तुझी आठवण येणं अटळ होतं. तू आमच्याकडे आला होतास त्या दिवाळीत पहिल्याच संध्याकाळी आपण किनाऱ्यावर उभे होतो, बाबा होते, आई होती. सूर्य बुडून गेला आणि तू अगदी मनापासून म्हणालास, उद्या मला लवकर उठवा, समुद्रातून सूर्य उगवताना बघायचा आहे. बाबा म्हणाले, "पावणे, आमच्याकडे सूर्य डोंगराकडसून उगवता. समुद्रात तो फक्त बुडता. उगवतो बघूचो आसात तर तुमका मद्रासाक धाडूक होया." आई पदर तोंडाला लावून वाळूत खाली बसली. तू लाल झालास आणि म्हणालास, मी बार्शीचा, लहानपणापासून चित्रात समुद्रातूनच सूर्य काढत आलो आहे. आई अजून तुला तुझ्या नावाने ओळखत नाही. "तो सूर्योदयवालो काय करता?" असं विचारते.

त्या दिवशी तू चुकलास, आणि कोणाचं बघून असं बोललास, असं तुला कोणी विचारलं नाही. बाबांनी रात्री तुझ्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी वाढली.

वर्गातून बाहेर आल्यावर गुरुदास सर व्हरांड्यात आईजवळ उभे राहिले आणि मालवणीत बोलायला लागले. सर ऑफिसची भाषा सोडतात तेव्हा समजायचं, की आता त्यांच्या हातात काही नाही. "बाई, माका कळता हो. पण माका कळान उपयोग काय? थंय कागदार लिवचा लागता." त्यांनी कागद दाखवला. खुलासा म्हणून त्यावर दोन चौकटी आहेत, त्यांतल्या एका चौकटीत खूण करून सही करायची. पहिली, मुलांनी एकमेकांचं पाहून लिहिलं. दुसरी, शिक्षकाने उत्तरं सांगितली. नक्कल झाली की नाही, असा प्रश्नच तिथे नाही. कशी झाली, एवढंच विचारलं आहे. सर म्हणाले, "पहिल्या चौकटीत खूण करा, सही करा, विषय संपलो. एक पगारवाढ जायत, जाऊ दे. दुसऱ्या चौकटीपेक्षा बरा." आई म्हणाली, "सर, माझ्या पोरांनी चोरी केल्यानी, असा मी लिवचंय नाय." पुढच्या वर्षी ती निवृत्त होते. इतक्या वर्षांत तिच्या नावाने साधा मेमो निघालेला नाही.

मी जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन आले. तिथल्या साहेबांनी मला कोकम सरबत दिलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मी रापणीचं सांगितलं, सूर्याचं सांगितलं, नियम कसा चालतो तेही कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, पटतंय. पण तुम्ही बाईंची मुलगी. तुम्ही काय लिहून देणार, ते तुम्ही यायच्या आधीच मी लिहू शकलो असतो." यावर मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही माझं म्हणणं बाजूला ठेवलं असतं. मग ते म्हणाले, ज्यांनी नियम केला त्यांच्या सहीचा अभिप्राय आणा, मी माझ्या हाताने पट्टी घेऊन तिसरी चौकट आखतो. नियम करणाऱ्यांत माझंही नाव होतं, हे मी त्यांना सांगितलं. ते हसले. "तेच तर," म्हणाले. ज्या कागदाने मी आईला सोडवू शकले असते, त्यावर माझी सही चालत नाही, कारण ती माझी आई आहे.

कंपनीच्या मदत विभागाला मी तीनदा लिहिलं. तीनही वेळा तेच उत्तर आलं. आपली शंका नोंदवली आहे, प्रणाली अचूक आहे. त्या उत्तराचा मसुदा आपणच कधीतरी मंजूर केला असेल.

एक मेला सगळ्या वर्गांचे निकाल लागले. चौथीचे सात निकाल अडकले. मुलं नवे कपडे घालून आली होती. आईने त्यांना पेढे दिले आणि निकाल नंतर मिळतील म्हणून सांगितलं, पण वाडीत कुठलीही गोष्ट झाकून राहत नाही. रापणीच्या दोरावर कोणीतरी पोरांना चिडवलं होतं, "खंयच्या पानार बघून ओढतास रे?" रिया पेढा हातात धरून आईसमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, "बाई, आमी काय चोरलां?" आईने तिला जवळ घेतलं, आणि ही मुलगी अशी की तिला जवळ घेतलेलं आवडत नाही. ती ताठच उभी राहिली. पेढा तिने खाल्ला नाही. कंपासपेटीत ठेवून घेऊन गेली.

तेव्हापासून घरात बोलणं कमी झालं आहे. आई सकाळी कोयती घेऊन परसातल्या झावळ्या कापत बसते, गरज नसताना. मी देवगडला जाते, येते. पट्ट्यावरचे आंबे बघताना माझ्या डोक्यात त्या दोन चौकटी असतात. वाट कुठे आहे ते मी सगळ्या बाजूंनी तपासलं. सही केली तर मुलं चोर ठरतात. सही केली नाही तर येत्या शुक्रवारच्या सुनावणीत कार्यालय आपणहून दुसऱ्या चौकटीत खूण करणार, असं गुरुदास सरांनी सांगितलं आहे. मग चोर ठरते आई, आणि चौकशी पावसाळाभर चालते. दोन्ही दारं मी रोज लावून-उघडून बघते. दोन्ही एकाच खोलीत उघडतात.

आता कालचं सांगते. संध्याकाळी आई विळीवर खोबरं खवत होती. मी कामावरून येऊन पायरीवर बसले होते. ती वर न बघता म्हणाली, "मी सही करतंय. पहिल्या चौकटीत." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, आणि रिया? तिचे हात थांबले नाहीत. "रिया ल्हान आसा. इसारतली." मग तिने विळी बाजूला ठेवली आणि म्हणाली की एप्रिलमध्ये माझा फोन चार्जिंगला होता तेव्हा तिने तो निरोप वाचला. त्या सूर्योदयवाल्याचा. जून म्हणजे पुढचा महिना. ही चौकशी सुरू झाली तर मी जाणार नाही, हे तिला कळतं. सही केली की विषय शुक्रवारी संपतो. "तू माझ्यासाठी थांबलंस, ता माका बरा वाटला. खोटा कित्याक बोलू? पण आता पुरे. मी सही करतंय, म्हणजे तू सुटलंस."

मी तिला म्हटलं की मी तिच्यासाठी थांबलेली नाही. माझ्या आवाजावरून ते खरं वाटलं नाही, तिला आणि मलाही. दोन वर्षं मी समजत होते की आईला एकटं सोडता येत नाही म्हणून मी इथे अडकले आहे. आई समजत होती की तिच्यामुळे मी अडकले आहे म्हणून ती अडकली आहे. आम्ही एका घरात राहतो, एका चुलीवरचं जेवतो, आणि हे एकमेकींना सांगायला आम्हाला एक लाल खूण लागली. आता तिने त्यातून मला बाहेर काढायचा मार्ग शोधला आहे. त्यासाठी ती स्वतःच्या हाताने सात मुलांना चोर लिहिणार आहे. या बाईने आयुष्यात कधी खोटी हजेरी लिहिली नाही. तिला वाटतं की हे ओझं तिचं तिला उचलता येईल, मी पुण्यात सुखी असेन तर. मला ते माहीत असताना मी पुण्यात कशी असेन, हे तिच्या हिशेबात आलेलं नाही. हिशेबात ती नेहमीच माझ्यापेक्षा चांगली, पण इथे तिने एक वाटा धरायचा सोडून दिला.

तर हे पत्र त्यासाठी आहे. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सुनावणी आहे. तुझ्याकडे सगळ्या जिल्ह्याच्या उत्तरांचा साठा आहे, माझ्याकडे आता तो नाही. किनाऱ्यावरच्या शाळा वेगळ्या काढ आणि आतल्या बाजूच्या वेगळ्या. या दोन प्रश्नांना "चार" आणि "संध्याकाळ" कुठे किती आलं ते बघ. माझा अंदाज खरा असेल तर धामापूरसारख्या आतल्या गावात ती उत्तरं तुरळक असतील, आणि आचऱ्यापासून देवगडपर्यंत वाळूवरच्या प्रत्येक शाळेत ती सापडतील, फक्त वर्ग मोठे आणि मिसळलेले म्हणून तिथे खूण आलेली नाही. अंदाज चुकला तर तसं सांग, मी ते मान्य करीन. खरा निघाला तर तो तक्ता घेऊन, त्याखाली तुझी सही करून, तू स्वतः ये. मेलवर पाठवलेला कागद कोणी वाचणार नाही, आणि आई तुझा कागद यायची वाट बघत थांबणार नाही. तू समोर उभा राहिलास तर थांबेल. कंपनीला हे आवडणार नाही, हे मला कळतं. तुझं काय जाईल त्याचा अंदाज करूनच मी मागते आहे. जूनच्या जागेचं उत्तर मी आत्ता देऊ शकत नाही, ते तू आल्यावर तोंडावर देईन. एवढंच नक्की की आईच्या खोट्या सहीवर मी येणार नाही, तू बोलावलंस तरी. आणि तू निरोपात जागेखेरीज काही लिहिलं नव्हतंस, तेही घेऊन ये, असलं तर. गुरुवारच्या रात्रीच्या गाडीने निघालास तर उजाडता उजाडता कणकवलीला उतरशील. मी स्टँडवर स्कूटर घेऊन उभी असेन. सूर्य कुठून वर येतो ते तुला आता माहीत आहे.

तुझीच,
सृष्टी